गाडीची रातची तहान

त्या आठवड्यात मला "गाडी विकून टाक" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानेही तिच्या बोनेटखाली हात घातलेला नव्हता. धाकट्या दिरांनी सांगितलं, नाक्यावरच्या किराणावाल्याने सांगितलं, आखातातून नवऱ्याने फोनवर सांगितलं. देवळात भजनाला टाळ वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी तर, मी काही विचारलेलं नसताना, भर रस्त्यात थांबवून सांगितलं. बाईच्या गाडीबद्दल मत द्यायला लायसन लागत नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंही ऐकलं नाही.

गाडी जुनी, सात माणसांची, डिझेलवर चालणारी. मागच्या सीटा काढून मी तिथे ताडपत्री अंथरली आहे, कारण माझ्या गाडीत माणसांपेक्षा मासळी जास्त बसते. आमचं गाव रेवदंड्याला लागून. सकाळी बंदरावर मासळी उतरते आणि आमच्या आळीतल्या बायका ती पाट्यांत भरून अलिबागच्या बाजारात नेतात. पूर्वी एसटीने जायच्या. कंडक्टर लांबून पाटी बघितली की घंटी मारायचा. रिक्षावाले म्हणायचे, सीटला वास लागतो, पुढचं गिऱ्हाईक बसत नाही. म्हणजे ताटात बोंबील सगळ्यांना हवेत, शेजारी बसलेले कुणाला नकोत. एकदा आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या आत्याला कंडक्टरने पाटीसकट खाली उतरवलं आणि ती चौलपासून चालत आली. त्याच महिन्यात मी गाडी शिकायला लागले.

मी 'माझी गाडी' म्हणते, पण कागदावर ती माझ्या सासऱ्यांची आहे. बाबा जातिवंत तांडेल. उभं आयुष्य त्यांनी स्वतःची बोट चालवली. काही वर्षांपूर्वी त्या बोटीच्या इंजिनातलं ऑइल दुधासारखं झालं. धाकटे दीर उरणला असतात, बंदराच्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांच्या धंद्यात. त्यामुळे चाकं असलेल्या आणि नसलेल्या यच्चयावत इंजिनांवर त्यांचा शब्द शेवटचा. ते आले, ऑइलची पट्टी बघितली आणि म्हणाले, "इंजिन खलास." बोट विकली गेली. ज्यांनी घेतली ते ओढून न्यायला आले, तेव्हा दोर सोडायलाही बाबा गेले नाहीत. घरात भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. त्यानंतर त्यांनी बंदरावर पाऊल ठेवलं नाही.

बोटीच्या जागी ही गाडी आली. बाबांनी पहिल्याच दिवशी चावी माझ्या हातात दिली. दिरांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं, आणि मी ते लपवलंही नाही.

बाबांनी फक्त एक काम स्वतःकडे ठेवलं. पाणी. बोटीवर असताना सकाळी सगळ्यात आधी इंजिनाचं पाणी बघायची त्यांची सवय होती, तीच त्यांनी गाडीला लावली. मी बंदरावर निघायच्या आधी ते अंगणात येत, बोनेट उघडत, घरच्या विहिरीचं तांब्याभर पाणी आणत आणि गाडीला पाजत. पाजत असंच म्हणायला हवं, कारण ओतताना ते तिच्याशी बोलायचे. कूलंट नावाचं विकतचं हिरवं पाणी मी एकदा आणलं होतं, तर त्यांनी कॅन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "माजी बोट समुद्राचा पानी पिऊन चालली. आन् हिला काय सरबत पायजे?" आम्ही सगळे हसलो. कॅन न्हाणीघराच्या कोपऱ्यात गेला.

आमच्या त्या विहिरीबद्दल सांगायला हवं. ती खाडीपासून दोन नारळाच्या वाड्या सोडून. पाणी मचूळ. पावसाळ्यात बरं असतं, होळीनंतर जिभेला चक्क खारट लागतं. आम्ही ते पीत नाही, नळाचं पितो. स्वयंपाकालाही नाही, कारण त्यात डाळ शिजत नाही. किती शिट्ट्या द्या, दाणा न् दाणा वेगळा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी इंजिनाला चालेल, असं आमच्या घरातल्या एकूण एक शहाण्या माणसाला वाटत होतं. बोटवाल्यांच्या घरात असंच वाटतं. समुद्रात चाललं ते जमिनीवर चालणार नाही हे आमच्या डोक्यातच येत नाही.

तर बाबा पाणी पाजायचे. आधी अर्धा तांब्या, मग पाऊण, मग भरून. मला ते दोन-तीनदा म्हणालेसुद्धा, "रातचीच तहान लागते गो हिला. सांजच्याला बगतंय तं भरलेली, सकालच्याला बगतंय तं खाली." मी म्हटलं, बाबा, म्हातारी झाली ती. ते म्हणाले, "मना बी रातची लागते." आम्ही पुन्हा हसलो.

आणि एका सकाळी, बंदरावर बायका पाट्या चढवत असताना, मी ऑइलची पट्टी ओढून बघितली. पट्टीवर दुधाचा चहा होता. साय आलेला, फिकट, गुळगुळीत. शिवाय पातळी खुणेच्या वर चढलेली. मी फडक्याने पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा चहाच.

मी चावी काढून पदरात बांधली आणि बायकांना सांगितलं, "उतरवा पाट्या. गाडी चालू करायची नाही." त्यानंतर मी जे ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. मासळी कुणासाठी थांबत नाही, आणि आमच्या बायकांची तोंडं मासळीपेक्षा ताजी असतात. आत्या म्हणाली, "अलिबागपावतर तं चल, मंग मरूंदे तिला." मी म्हटलं, मरणारी असेल तर माझ्या दारात मरेल, रस्त्यावर नाही. शेवटी एक बर्फाचा टेम्पोवाला हातापाया पडून मिळाला. बायका गेल्या. मी गाडी दोर बांधून, एक सेकंदही इंजिन न फिरवता, अलिबागच्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. माझ्या सगळ्या हट्टांपैकी हाच एक हट्ट होता ज्याचं पुढे सगळ्यांनी कौतुक केलं. केलं म्हणजे, करावं लागलं.

गॅरेजवाला मेकॅनिक काही वाईट माणूस नाही. हात साफ, बोलणं कमी. त्याने पट्टी बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हेड गॅस्केट, ताई, इंजिनाच्या डोक्याखालची चकती. नाहीतर हेडला क्रॅक. इंजिन खोलायला लागेल."

"नक्की?"

"पाणी ऑइलात गेलं म्हणजे दुसरं काय?"

संध्याकाळपर्यंत दिरांचा फोन आला. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. आमच्याकडे बातमीला पाय नसतात, स्कूटर असते. "वहिनी, इंजिन खलास. एकदम एंड. अब उसमें कुछ नहीं है. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन खोलणं म्हणजे वेडेपणा. माझ्या ओळखीचा एक जण आहे, भंगारात नको, सुटे भाग काढायला घेईल. शनिवारी घेऊन येतो. बाबांची सही लागेल, बाबांना तयार ठेवा."

"आणि बायकांनी बाजाराला काय उडत जायचं?"

"वहिनी, तो तुमचा ठेका आहे का?"

हो, म्हटलं, आहे. आणि फोन ठेवला.  

पण मला खरा धक्का बाबांनी दिला. त्यांना मी जाऊन सांगितलं, की ऑइल दुधासारखं झालंय, भाऊजी शनिवारी गिऱ्हाईक आणतायत. वाटलं होतं, म्हातारा उसळेल. ते ओटीवर बसून जुनं जाळं शिवत होते. मासेमारीसाठी नव्हे, हाताला चाळा म्हणून. त्यांनी सुई थांबवलीसुद्धा नाही. म्हणाले, "दुदासारका झाला तं संपला गो. त्यानंतर न्हाय येत इंजान माघारी. मना ठाव हाय." आणि थोड्या वेळाने, "सही करंन मी. उगा वासरावानी वढत नको बसू."

मी सगळ्या गावाशी भांडले असते. पण ज्याने चावी दिली त्यानेच असं म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? मी न्हाणीघरात गेले, ताडपत्री धुवायला काढली आणि तिला अशी बडवली की शेजारीण बघायला आली.

ताडपत्री बडवता बडवता मला माझे वडील आठवले. माझं माहेर खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीकाठी. तिथे भाताची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली असतात आणि मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधातून खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. आणि ते शिरतं कुठून, तर बहुतेक वेळा एका खेकड्याच्या बिळातून. बीळ अंगठ्याएवढं, पण शेत बघाल तर सगळं पांढरं. नवखा माणूस शेत बघतो आणि म्हणतो, बांध गेला. माझे वडील असल्या माणसावर खेकसायचे. म्हणायचे, "बांध गेला म्हनू नको. भोक खंय हाय त्यो दाकव."

आणि भोक शोधायची वेळ ठरलेली. ओहोटीला बांध कितीही तपासा, काही दिसत नाही. शेतात पाणी भरलेलं असतानाही दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंनी पाणी सारखंच रेटत असतं. शोधायचं ते उधाणाच्या भरतीला, शेत रिकामं असताना. बाहेर पाणी बांधाला टेकलेलं, आत कोरडं. तेव्हा वडील आणि आम्ही भावंडं अनवाणी पायांनी आतल्या अंगाने चालायचो. जिथे पायाला ओल लागली तिथे थांबायचं आणि हाक मारायची. मी त्या ओलीवर कितीदा उभी राहिले आहे. पायाला ते लगेच कळतं.

मी ताडपत्री सोडून दिली. रातचीच तहान लागते हिला, बाबा म्हणाले होते. दिवसभर गाडी धावते, तेव्हा पाणी कमी होत नाही. संध्याकाळी बंद करून लावली की कमी होतं. गाडी चालू असते तेव्हा ऑइलालाही जोर असतो, पाण्यालाही असतो. दोन्हीकडून सारखी भरती. गाडी बंद केली की ऑइलाचा जोर क्षणात जातो, ते खाली उतरतं. पण पाणी अजून तापलेलं असतं, कोंडलेलं असतं, रेटत असतं. म्हणजे बाहेर उधाण आणि आत कोरडं शेत. भोक तेव्हाच वाहणार.

याचा अर्थ इंजिन मेलंय असा होत नाही. याचा अर्थ कुठेतरी एक बीळ आहे असा होतो. आणि मला अजून कुणी बीळ दाखवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले आणि मेकॅनिकला म्हटलं, "गॅस्केट गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो ना?"

"येतो."

"गाडी तापते?"

"तापते."

"माझी तापलेली नाही. धूर नाही. हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? माझ्याच दिरांनी, मागच्या दिवाळीला, फराळ करता करता, स्वतःच्या ट्रेलरबद्दल. त्यांना आता आठवत नसेल."

तो हसला. "ताई, सुरुवातीला थोडं थोडं असतं."

"मग मला सांगा, या इंजिनात पाणी आणि ऑइल एकमेकांच्या शेजारी कुठे कुठे येतात? सगळ्या जागा सांगा."

त्याने सांगितल्या. हेड, ब्लॉक, ऑइल गार करायचा कूलर. "बस्स."

मी बोनेटखाली वाकले. मी काही इंजिन शिकलेली बाई नाही. पण नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे बघायला शाळा लागत नाही. रेडिएटरपासून मी एक एक नळी हाताने चाचपत गेले. दोन बारीक नळ्या मागच्या अंगाला वळल्या होत्या आणि एका लोखंडी गोगलगायीसारख्या वस्तूच्या पोटात शिरत होत्या. ती टर्बो. धुराच्या जोरावर फिरते आणि इंजिनाला जादा हवा ढकलते, एवढं मला ठाऊक होतं. चढावर तिची शिट्टी ऐकू येते.

"हिच्यात काय जातं?"

"टर्बोत? ऑइल जातं. तिच्या दांड्याला ऑइल लागतं."

"या दोन नळ्यांत?"

"ऑइलच असेल. डिझेलच्या टर्बोला पाणी नसतं, ताई."

"ही रेडिएटरकडून आली आहे. हात लावून बघा."

त्याने कंटाळून हात घातला. मग त्याने बॅटरी मागितली आणि डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "हिला आहे." आणि नंतर, जरा घुश्शातच, "बऱ्याच गाड्यांना नसतं."

"बऱ्याच गाड्या माझ्या नाहीत," मी म्हटलं.

मी त्याला खाडीचं आणि बिळाचं सांगितलं. तो अलिबागचा, त्याला खारेपाट नवा नव्हता. तो म्हणाला, "समजा टर्बोच्या पोटात पाणी आणि ऑइल यांच्या मधली भिंत फुटली असेल. तरी कळणार कसं? काढून नवी बसवायची आणि तीच फुटलेली नव्हती असं निघालं, तर तुम्ही मलाच धराल."

"टर्बोतलं ऑइल खाली कुठून जातं?"

"ही एक जाड नळी. खाली चेंबरमध्ये सोडते, जिथे इंजिनाचं ऑइल साठतं."

"नवीन ऑइल घाला. गाडी जागेवर तापू द्या. बंद करा, आणि ती नळी सोडा. ऑइल निथळून संपेल. त्यानंतर पाणी आलं, तर बीळ तिथे आहे. नाही आलं, तर गाडी शनिवारी जाऊ दे."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि लगेच मागे घ्यावंसं वाटलं. पण बोलून बसले होते. मेकॅनिक म्हणाला, मग शनिवारीच करू, तुमच्या माणसांसमोर. नंतर माझ्या नावाने शंख नको.

शनिवारी दीर त्यांच्या गाडीतून बाबांना घेऊन आले. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, खिशाला पेन. गिऱ्हाईक मोटारसायकलवरून आलं. त्याने मागचं दार उघडलं, नाक दाबलं आणि म्हणाला, "काय हो, हिच्यात मासे मेले होते का?"

"मासे मेलेलेच असतात," मी म्हटलं. "तुम्ही जिवंत खाता?"

दीर म्हणाले, "वहिनी, प्लीज."

मेकॅनिकने नवीन ऑइल घालून इंजिन चालू केलं. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. बाबा भिंतीकडच्या स्टुलावर बसले होते, त्यांनी मान वर केली. गाडी तापेपर्यंत दीर आम्हा सगळ्यांना समजावत होते, की टर्बो वगैरे ठीक आहे, पण बेसिकली केस हेडची आहे, त्यांनी अशा पन्नास गाड्या बघितल्यात. मग इंजिन बंद झालं आणि त्यांनी, पाणी किती आहे ते दाखवायला म्हणून, रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मेकॅनिकने तो हात असा फटकन उडवला की दीर दोन पावलं मागे गेले. "साहेब, भाजून निघाल. तापलेलं झाकण कोण उघडतं?" पन्नास गाड्या बघणारा, मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, कारण बाबा होते.

मेकॅनिक गाडीखाली सरपटला. नळी सोडली. मी माझ्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण त्याच्या हातात दिलं होतं, ते त्याने खाली धरलं. आधी ऑइल आलं. ते येणारच होतं. धार, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. मग थांबलं.

 रस्त्यावरून एसटी गेली. गिऱ्हाईकाने मोबाईल काढला. दीर म्हणाले, "झालं समाधान?"

मी गाडीशेजारी उकिडवी बसले होते. मला तेव्हा खरंच वाटलं की संपलं. वाटलं, आत्या पुन्हा चौलपासून चालत येणार. डोळ्यांत पाणी आलं, आणि दिरांसमोर आलं याचा राग आला.

"ताई," गाडीखालून मेकॅनिक म्हणाला, "थांबा."

नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगला आणि पडला. तो ऑइलाचा नव्हता. तांबूस, पातळ, झाकणातल्या ऑइलावर त्याचा गोल मणी झाला आणि घरंगळला. मग दुसरा. मग घाईने येऊ लागले. पायाला ओल लागली की आम्ही बांधावरून जशी हाक मारायचो तशी मी हाक मारली. काय ओरडले ते आता आठवत नाही. समोरच्या चहावाल्याने वळून बघितलं.

मेकॅनिक झाकण घेऊन बाहेर आला. "पाणी आहे," तो दिरांना म्हणाला. "टर्बोच फुटली आहे. इंजिन बहुतेक शाबूत. चेंबर उतरवून बेअरिंगं बघतो, पण लगेच बंद केली म्हणून वाचलं असेल."

बाबा कधी उठून आले ते कुणाला कळलं नाही. त्यांनी झाकण त्याच्या हातातून घेतलं, तिरपं करून पाण्याचा मणी बोटावर घेतला आणि कुणी अडवायच्या आत जिभेच्या टोकाला लावला. सगळी हयात त्यांनी पाणी असंच ओळखलं. कुठे खाडी संपली आणि कुठे दर्या लागला ते जिभेवर. थुंकले. आणि म्हणाले, "आपले इहिरीचाच पानी हाय ह्यो."

दिरांची ट्यूब पेटली. त्यांना तेवढंच हवं होतं. "म्हंजे बाबा, तुम्हीच! ते खारं पाणी टाकून टाकून तुम्हीच आतून सडवलीत गाडी!"

"भाऊजी," मी म्हटलं, "एक शब्द पुढे बोलू नका. ते पाणी सगळ्या घराच्या डोळ्यांसमोर पडत होतं. तुम्ही सुट्टीला आलात तेव्हा तुमच्याही गाडीत पडलं आहे. आणि रातची तहान आहे हे ओळखणारे तेच एक होते. त्यांनी सांगितलं नसतं तर मला सात जन्मात कळलं नसतं."

दिरांनी आपल्या गाडीकडे एकदा बघितलं. मला त्यातही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

बाबांचं आमच्या भांडणाकडे लक्ष नव्हतं. ते हातातल्या झाकणाकडे बघत होते. मग त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "बोटीचे इंजानात बी असा आसतंय का? ऑइल दुदासारका करनारा, बारका कायतरी?"

मेकॅनिक सहज म्हणाला, "असतं की, बाबा. ऑइलचा कूलर असतो ना. तो फुटला तरी तेल असंच होतं. कूलर बदलला की झालं."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो हात पुसत आत निघून गेला.

बाबा माझ्याकडे वळले. "मंग माजे बोटीचा बी येवढाच आसंल का गो?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बाबा, बोटीचं वेगळं होतं, असं म्हणता आलं असतं, आणि म्हातारा सुखाने झोपला असता. पण ज्या माणसाने सगळ्या घराविरुद्ध मला चावी दिली, त्याच्याशी मी खोटं बोलणार नाही.

"असेलही," मी म्हटलं. "कुणी उघडून बघितलंच नाही."

 दीर जमिनीकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचीही कीव आली. त्यांनी काही दुष्टपणाने बोट विकली नव्हती. त्यांना फक्त खात्री होती. बाबांनी झाकण माझ्या हातात दिलं. खिशातलं पेन काढलं, मुलाच्या खिशाला लावलं आणि गिऱ्हाईकाला म्हणाले, "जा बाबा तू. गाडी इकायची न्हाय. माज्या सुनंची हाय ती."

टर्बो बदलली. मेकॅनिकने चेंबर उतरवलं, बेअरिंगं बघितली, चिखल झालेलं ऑइल धुऊन काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं. जुनी टर्बो मी मागून घेतली. ती आमच्या ओटीवर आहे. दीर आले की तिच्यावर चपला ठेवत नाहीत.

गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी न्हाणीघरातला तो कॅन बाबांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, पाणी तुम्हीच बघायचं, पण हे. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि बोनेट उघडून आत बघितलं. पातळी जिथल्या तिथे होती. घालायला काहीच लागलं नाही. त्यांनी कॅन खाली ठेवला.

मी चावी लावली, तोच पुढचं दार उघडलं. बाबा आत बसले. मांडीवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "चल."

"मी बंदरावर चालले आहे, बाबा."

"मना ठाव हाय तू खंय चाललीस."

 गाडी गेटातून बाहेर काढली. बंदरावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. पुढच्या सीटवर तांडेल बघून त्यांची तोंडं आयुष्यात पहिल्यांदा बंद झाली. बाबा उतरले, चप्पल गाडीतच ठेवली, आणि जिथे त्यांची बोट लागायची त्या धक्क्याच्या टोकाकडे अनवाणी चालत गेले.